टक्केवारीच्या पलीकडचा माणूस

‘अपंग’, ‘विकलांग’, ‘दिव्यांग’ असे शब्द आपल्या भाषेत एकामागून एक येत गेले. २०१५ च्या डिसेंबरमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ हा शब्द सुचविला आणि पाहता पाहता तो शासकीय फलकांवर रूढ झाला. शब्द सौम्य झाला हे चांगलेच झाले; परंतु शब्द बदलल्याने शाळेची पायरी खाली येत नाही आणि लग्नघरात कोपऱ्यात बसविलेल्या मुलाला पंगतीत स्थान मिळत नाही. आपल्या भैंसा परिसरात या विषयासाठी सर्वांत प्रचलित शब्द यांपैकी कोणताच नाही. तो आहे ‘टक्के’. ‘मुलाला किती टक्के बसले?’ हा प्रश्न बालरोगतज्ज्ञ म्हणून मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. हे टक्के म्हणजे काय, त्यांतून कोणते हक्क मिळतात, त्यांतून काय मुळीच कळत नाही आणि या सर्वांत आपण डॉक्टर मंडळी कोठे उभे आहोत, याचा थोडा विचार या लेखात करावयाचा आहे.

कायद्याची वाटचाल

आपल्या देशात अपंगांच्या हक्कांचा पहिला व्यापक कायदा १९९५ मध्ये झाला. त्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता : अंधत्व, अल्पदृष्टी, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व व मानसिक आजार. पुढे २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला आणि २००७ मध्ये भारताने त्यास मान्यता दिली. त्याला अनुसरून ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ संमत झाला व १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला.

या नव्या कायद्याने सातांची संख्या एकवीस केली. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, विशिष्ट अध्ययन अक्षमता, वाचा व भाषा दोष, बुटकेपणा, पार्किन्सन, आम्लहल्ल्याचे बळी असे अनेक प्रकार त्यात आले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकल सेल या रक्ताच्या आजारांचाही त्यात समावेश झाला. आदिलाबादच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना याचे मोल सांगावयास नको.

संख्येपेक्षाही महत्त्वाचा बदल व्याख्येत झाला. कायद्याच्या दृष्टीने अपंग व्यक्ती म्हणजे दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक वा ज्ञानेंद्रियविषयक उणीव असणारी अशी व्यक्ती, की जिला भोवतालच्या अडथळ्यांमुळे समाजात इतरांच्या बरोबरीने सहभागी होता येत नाही. म्हणजे अपंगत्वाचा अर्धा भाग शरीरात आहे आणि अर्धा भाग शरीराबाहेर, म्हणजे पायऱ्यांत, फळ्यावरच्या बारीक अक्षरांत आणि लोकांच्या नजरेत आहे. पहिल्या भागावर आपण औषधोपचार करतो. दुसऱ्या भागावरील उपचार मात्र बहुधा आपल्या चिठ्ठीत लिहिले जात नाहीत.

किमान ४० टक्के अपंगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात किमान ५ टक्के व शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण, असे हक्क मिळतात. लेखनाची अडचण असणाऱ्या परीक्षार्थीला लेखनिक व तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ मिळतो. कोणा अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणे हा सहा महिने ते पाच वर्षे कारावासाचा गुन्हा आहे. व्यंगावरून हाक मारण्याची आपली जुनी गावठी सवय किती गंभीर आहे, हे यावरून ध्यानात यावे.

टक्के म्हणजे काय?

तेलंगणातील कुटुंबांना ‘सदरेम’ हा शब्द चांगला परिचित आहे. अविभक्त आंध्र प्रदेशात सुरू झालेल्या या संगणकीय पद्धतीतून प्रमाणपत्रे दिली गेली. आता देशभरात ‘यूडीआयडी’ हे एकच ओळखपत्र रूढ होत आहे. पेन्शनही या कागदाशी जोडलेली आहे. तेलंगणातील ‘आसरा’ योजनेत अपंगांना २०१४ मध्ये दरमहा १,५०० रुपये मिळू लागले, २०१९ मध्ये ३,०१६ व २०२३ मध्ये ४,०१६ रुपये झाले. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. म्हणूनच ‘डॉक्टर साहेब, टक्के थोडे वाढवून द्या’ अशी विनवणी होते. तिच्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. बहुधा तिच्यामागे गरज असते. तथापि, ती मान्य करणे हा खऱ्या हक्कदारावर अन्याय होय. २०२४ मध्ये महाराष्ट्रात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून जे वादळ उठले, त्यानंतर प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहण्याची वृत्ती बळावली. अशा संशयाची किंमत मोजतो तो निरपराध अर्जदारच.

टक्केवारीचे शास्त्र आपण नीट समजून घेतले पाहिजे. बौद्धिक अक्षमतेत सामाजिक परिपक्वतेच्या गुणांकावरून सौम्य श्रेणीस ५०, मध्यम श्रेणीस ७५, तीव्र श्रेणीस ९० व अतितीव्र श्रेणीस १०० टक्के दिले जातात. हे ५० टक्के आणि पायाच्या व्यंगाचे ५० टक्के या दोन्हींची तुलना होऊच शकत नाही. शिवाय एकाच मुलात दोन प्रकारची अपंगत्वे असतील तर त्यांची सरळ बेरीज करीत नाहीत. मोठी टक्केवारी ‘अ’ व लहान ‘ब’ मानली, तर ९० मधून ‘अ’ वजा करून आलेल्या संख्येने ‘ब’ला गुणतात, ९० ने भागतात व ते ‘अ’मध्ये मिळवितात. समजा, एखाद्या मुलास ३० टक्के श्रवणदोष व ३० टक्के अस्थिव्यंग आहे. दोन्ही ४० च्या आत असल्याने पालक निराश होऊन घरी परततात. परंतु एकत्रित हिशेब ५० टक्के येतो! एकाच व्यंगाची तपासणी करून मुलास परत पाठविणे म्हणजे त्याचा हक्क नकळत बुडविणे होय. आपल्या शिफारसपत्रात सर्व अडचणींची नोंद करणे यासाठी आवश्यक आहे.

ओमकार गोंड खटला

टक्केवारी माणसाला कशी कोंडीत पकडते, याचे बोलके उदाहरण महाराष्ट्रातील ओमकार रामचंद्र गोंड या विद्यार्थ्याच्या खटल्यात दिसते. आपल्या व्यवसायाशी त्याचा थेट संबंध असल्याने प्रत्येक डॉक्टरने तो जाणून घ्यावा.

ओमकार यांस वाचा व भाषा दोष होता व तो ४० टक्क्यांहून अधिक ठरला होता. ‘नीट’ परीक्षा देऊन २०२४ मध्ये त्यांनी राखीव जागेतून एमबीबीएसला प्रवेश मागितला. तत्कालीन नियम असा होता की, ज्याचा वाचादोष ४० टक्क्यांहून कमी, तो वैद्यकीय शिक्षणास पात्र, पण आरक्षणास अपात्र. आणि ज्याचा दोष ४० टक्के वा अधिक, तो वैद्यकीय शिक्षणासच अपात्र. म्हणजे ज्या रेषेवर आरक्षणाचे दार उघडावयाचे, त्याच रेषेवर महाविद्यालयाचे दार बंद व्हावयाचे! अशा आरक्षणाचा लाभ त्या प्रकारच्या एकाही विद्यार्थ्यास कधी मिळणे शक्य नव्हते.

उच्च न्यायालयात तातडीचा दिलासा न मिळाल्याने प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयात तज्ज्ञांचे मंडळ नेमून एकच प्रश्न विचारला : या दोषामुळे हा विद्यार्थी अभ्यासक्रम पूर्ण करू शकणार नाही काय? मंडळाने तो पूर्ण करू शकेल असे मत दिले. सप्टेंबरमध्ये प्रवेशाचा आदेश झाला आणि १५ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायमूर्ती भूषण गवई, न्यायमूर्ती अरविंद कुमार व न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सविस्तर निकाल दिला. ४० टक्के हा आकडा केवळ आहे म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. तपासणी मंडळाने त्या व्यक्तीची प्रत्यक्ष कार्यक्षमता पाहावी आणि नकार द्यावयाचा तर त्याची कारणे लिहून द्यावीत, असे न्यायालयाने सांगितले. त्याच महिन्यात ओम राठोड या विद्यार्थ्याच्या प्रकरणातही न्यायालयाने हीच दिशा कायम ठेवली.

या निकालाचे तात्पर्य न्यायालयापुरते मर्यादित नाही. ‘याला काय येत नाही?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणती सोय केली तर याला येईल?’ हा प्रश्न आधी विचारावयाचा, हे ते तात्पर्य होय. कायद्यात यालाच वाजवी सोय म्हटले आहे. शाळेचा मुख्याध्यापक, दुकानाचा मालक आणि दवाखान्यातील डॉक्टर, सर्वांना हा प्रश्न सारखाच लागू आहे.

आपल्या सीमाभागाचे वेगळेपण

भैंसा हे गाव १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात होते. राज्यपुनर्रचनेत तालुका आदिलाबाद जिल्ह्यात आला आणि २०१६ पासून आपण निर्मल जिल्ह्यात आहोत. सरकारी सीमा बदलल्या, तरी घरातली मराठी टिकली आणि नातेसंबंधही सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिले. सून नांदेडची, लेक निजामाबादला, असे आपले संसार आहेत. म्हणून पहिली व्यावहारिक सूचना अशी की, कायद्यानुसार दिलेले अपंगत्वाचे प्रमाणपत्र संपूर्ण देशात ग्राह्य असते. महाराष्ट्रात दिलेले प्रमाणपत्र तेलंगणात ‘चालत नाही’ असे कोणी तोंडी सांगितल्यास ते मुकाट्याने मान्य करू नये. राज्याच्या पेन्शनसाठी रहिवासाची अट वेगळी असते, एवढेच.

दुसरा मुद्दा भाषेचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. आपले मूल घरात मराठी बोलते, गल्लीत हिंदी-उर्दू ऐकते आणि शासकीय कार्यालयात त्याच्याशी तेलुगूत बोलले जाते. अशा मुलाची बुद्धिमापन चाचणी तेलुगूतून घेतली तर ती बुद्धीची होते की भाषेची? काही वर्षांपूर्वी एका पाच वर्षांच्या मुलाला घेऊन त्याचे वडील माझ्याकडे आले. एका ठिकाणी तेलुगूतून चाचणी होऊन त्याला ‘बौद्धिक अक्षमता, ५० टक्के’ असा शिक्का मिळाला होता. मुलाची नजर सतत बोलणाऱ्याच्या ओठांवर खिळलेली असे. त्याची श्रवणचाचणी करविली, तेव्हा दोन्ही कानांत मध्यम ते तीव्र दोष आढळला. श्रवणयंत्र बसविल्यानंतर मराठीतून पुन्हा चाचणी घेतली, तर बुद्धी वयाला साजेशी होती. वडिलांना आनंद झाला, पण जाता जाता त्यांनी हळूच विचारले, ‘सर, जुना कागद राहू दिला तर नाही का चालणार? पेन्शन बंद होईल.’ त्यांना दोष देण्यास माझे मन धजावले नाही. श्रवणदोषाची रीतसर टक्केवारी काढून घ्यावी आणि मुलाला सामान्य शाळेत घालावे, असे मी सुचविले. चुकीच्या शिक्क्याचे पैसे काही वर्षे मिळाले असते. पण शिक्का जन्मभर राहिला असता. आज तो मुलगा मराठी शाळेत शिकतो आहे.

याच संदर्भात एक गैरसमज दूर केला पाहिजे. मूल उशिरा बोलू लागले की ‘घरात मराठी बंद करा, एकच भाषा बोला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषा ऐकल्याने वाचादोष उत्पन्न होत नाही किंवा वाढत नाही, असे अभ्यासांती दिसून आले आहे. डाऊन सिंड्रोम वा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच आढळते. आईची भाषा तोडली तर मुलाशी सर्वांत अधिक बोलणारी व्यक्तीच मुकी होते. आजीची गोष्ट, अंगाईगीत, रागावणे आणि लाड हे सारे उपचाराचेच भाग आहेत व ते मराठीतच व्हावयास हवेत.

पहिले वाक्य आणि पहिली दोन वर्षे

अपंगत्वाचे निदान सांगताना डॉक्टरचे पहिले वाक्य पालकांच्या आयुष्यभर स्मरणात राहते. ‘याचे काही होणार नाही’ हे वाक्य शास्त्रदृष्ट्याही अयोग्य आहे. मेंदूची लवचिकता पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक असते. म्हणून उपचारांचा आरंभ प्रमाणपत्राची वाट न पाहता संशय येताच व्हावा. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि उपचार सहा महिन्यांपर्यंत, हा क्रम जगभर मानला जातो. पालकांनी पुढील खुणा ध्यानात ठेवाव्यात :

चार महिन्यांपर्यंत मान न सावरणे. नऊ महिन्यांपर्यंत आधाराविना न बसणे. वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारल्यास वळून न पाहणे. दीड वर्षापर्यंत न चालणे वा एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे. दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे. यांपैकी काहीही आढळल्यास ‘याचा बापही उशिरा बोलला होता’ अशी समजूत घालून थांबू नये.

२०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मतः असलेली व्यंगे, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासातील विलंब यांसाठी अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शासकीय शाळेत एकदा येणे अपेक्षित आहे. बौद्धिक अक्षमतेसाठी १९८४ पासून कार्यरत असलेली राष्ट्रीय संस्था तर आपल्याच राज्यात, सिकंदराबादला आहे. समग्र शिक्षा अभियानाची ‘भविता’ केंद्रेही तेलंगणाच्या अनेक मंडलांत आहेत. खासगी दवाखान्यातून या व्यवस्थांकडे मूल पाठविण्यात आपला कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आपल्याच दवाखान्याची पायरी

२०१६ च्या कायद्याचे कलम २५ प्रत्येक डॉक्टरने एकदा तरी वाचावे. शासकीय तसेच खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश आणि तपासणी व उपचारात अपंगांना प्राधान्य, ही तरतूद त्यात आहे. आपल्या बाजारपेठेतील किती दवाखाने या कसोटीस उतरतात? दुकानाच्या जोत्यावर तीन पायऱ्या, अरुंद दार, वरच्या मजल्यावर प्रयोगशाळा, हेच चित्र सर्वत्र दिसते. बारा वर्षांच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलीला आई पाठुंगळी घेऊन पायऱ्या चढते. आईचे वय वाढते, मुलीचे वजन वाढते आणि एक दिवस दोघींचे येणे थांबते. आपण नोंदवहीत लिहितो, ‘पाठपुरावा नाही.’

उतार बांधण्याचा हिशेब सोपा आहे. एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी लागते. अर्धा फूट उंच पायरी असेल तर सहा फूट पुरतात. जागा नसेल तर रुग्णाला बाहेर रिक्षातच तपासावे. तीही वाजवी सोयच. नंबराची हाक ऐकू न येणाऱ्यासाठी फळ्यावर क्रमांक लिहिता येतो. गर्दी आणि गोंगाट सहन न होणाऱ्या स्वमग्न मुलास सकाळची पहिली वेळ देता येते. आणि सर्वांत स्वस्त सोय म्हणजे प्रश्न सोबतच्या माणसाला न विचारता रुग्णालाच विचारणे. ‘याला कुठे दुखतं?’ याऐवजी ‘तुला कुठे दुखतं?’ असे विचारावयास एक पैसाही लागत नाही.

घर, शाळा आणि समाज

मराठी मुलखात हे कार्य कायद्याच्या कितीतरी आधी पालकांनी व स्वतः अपंग व्यक्तींनी सुरू केले. मुंबईत वकील दांपत्याने १९४४ मध्ये आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा काढली. ती जय वकील शाळा म्हणून प्रसिद्ध आहे. नाशिकच्या रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. त्यांच्या स्वतःच्या मुलाची गरज त्यामागे होती. तरुण वयात चाकाच्या खुर्चीवर आलेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड’ उभी केली. या सर्वांनी एका मुलाचा प्रश्न हा गावाचा प्रश्न आहे असे मानले.

आपल्या राज्यातील वरंगळ जिल्ह्यातील कल्लेडा गावच्या दीप्ती जीवनजी हिने २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळविले. तिला बौद्धिक अक्षमता आहे आणि लहानपणी गावात तिची चेष्टा होत असे. तिचा अभिमान आपण बाळगावाच. तथापि, पदक मिळविणाऱ्यालाच मान द्यावयाचा अशी अट घालू नये. आपल्या गल्लीतील मुलाने काहीही जिंकले नाही, तरी गणपतीच्या आरतीत टाळ वाजविण्याचा, किराणा दुकानात स्वतः पैसे देण्याचा, लग्नाच्या वरातीत नाचण्याचा त्याला इतर मुलांइतकाच अधिकार आहे.

पालकांच्या मनातील सर्वांत मोठी चिंता ‘आमच्यामागे याचे कसे होणार?’ ही असते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, मूल अठरा वर्षांचे झाल्यावर जिल्हा पातळीवरील समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळविता येते. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे. ही माहिती योग्य वेळी सांगणे हेही आपल्या औषधपत्राचा भाग मानावयास हवे.

या स्मरणिकेच्या निमित्ताने व्यवसायबंधूंना व भगिनींना एवढीच विनंती आहे : येत्या वर्षात प्रत्येकाने आपल्या दवाखान्याची एक तरी पायरी उताराने जोडावी, महिन्यातून एक तास अपंग मुलांच्या पालकांना कागदपत्रांचे मार्गदर्शन करण्यासाठी द्यावा, आणि आपल्या परिसरातील एका मुलाला शाळेत प्रवेश मिळेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. वाचक बंधु-भगिनींनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा मुलाची आई भेटली, तर ‘किती टक्के?’ असे न विचारता त्याचे नाव विचारावे आणि शक्य झाल्यास ते त्यालाच विचारावे.